न ओलांडलेला उंबरठा

तगर नगरावर अरिंदम राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने दूर समुद्रकाठी, शंखबेटावर, मिठागरात राबणाऱ्यांच्या घरी जन्म घेतला होता. त्याचं नाव सुतरण. आईचं नाव मकरिका. बाप होडी वल्हवायचा.

सुतरण विशीत होता तेव्हा बेटावर परचक्र आलं. मिठागरांचे बांध फोडले गेले, घरं जळाली. बाप दुसऱ्यांना होडीत चढवत मागे राहिला, तो राहिलाच. मकरिकेने होडी खाडीतून घाटाच्या पायथ्यापर्यंत आणली. पुढे पाणीच नव्हतं. तिने होडीतली बसायची फळी उचकटून काढली, डोक्यावर घेतली आणि घाट चढायला लागली. लोकांनी भांडी घेतली होती, धान्य घेतलं होतं. हिच्या डोक्यावर फळी. कोणी विचारलंच तर म्हणायची, "परत जाताना लागेल. आमच्या घरधन्याला उभ्याने वल्हवता येत नाही."

शंखबेटाची चाळीस घरं तगरात रंगाऱ्यांच्या पेठेच्या कडेला येऊन टेकली. नगरच्या लोकांनी मोठ्या अभिमानाने त्यांना आपली नदी दाखवली. मकरिका काठावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ही नदी? आमच्याकडे एवढ्या पाण्यात कोंबडी पाय धुते."

बेटावरची एक रीत होती. घर भिंतींनी होत नाही, उंबरठ्याने होतं. उंबरठा बसवताना घरच्याने मोठ्याने म्हणायचं, "माझं गाव हे." आणि एका माणसाला दोन गावं नसतात. म्हणून चाळीसांपैकी एकाही घराने तगरात उंबरठा बसवला नाही. कुडाच्या भिंती होत्या, दारं होती, चुली पेटत होत्या. उंबरठ्याच्या जागी नुसती माती. आज ना उद्या परत जायचंच होतं. अशी बारा वर्षं गेली.

तगरचीही एक रीत होती. दर पौर्णिमेला पेठेची सभा भरायची. ज्या घराला उंबरठा त्या घराला शलाका, म्हणजे एक लाकडी काडी. ती 'हो'च्या मडक्यात टाकायची नाहीतर 'नाही'च्या. उंबरठा नाही त्याला शलाका नाही आणि शलाका नाही त्याला तोंड नाही.

रंगाऱ्यांच्या कुंडांचं निळं-तांबडं पाणी बेटकऱ्यांच्या गल्लीतून वाहून त्यांच्या विहिरीत झिरपायचं. त्या उन्हाळ्यात वस्तीतली तीन लेकरं गेली. सुतरण पेठेच्या म्होरक्याकडे गेला. म्होरक्या नंदिपालित काही वाईट माणूस नव्हता. त्याने सुतरणाला बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं आणि म्हणाला, "बाबा रे, तुम्ही पाहुणे. पाहुण्याने जेवावं, आशीर्वाद द्यावा. पंगत कशी बसवायची ते यजमानाला शिकवू नये."

सुतरण घरी आला. बाभळीचा एक ओंडका तासून त्याने दारात बसवला. "माझं गाव हे," असं तो मोठ्याने म्हणाला.

मकरिका चुलीपुढून उठली. "बाप तिकडे वाट बघतोय, आणि तू इकडचं नाव घेतलंस?"

"आई, ती लेकरं इकडच्याच मातीत पुरलीत."

मकरिका आणखीच चिडली. तिने कोयता घेतला, घराच्या मागचा कूड सपासप तोडला आणि तिथे खिंडार पाडलं. "तुझ्या दारातून मी पाय टाकणार नाही. जाईन तर माझ्या बेटावरच्या दारातून जाईन." त्या दिवसापासून ती मागच्या खिंडारातून, वाकून, जायची-यायची. फळी तिने खिंडाराशेजारी टेकवून ठेवली होती. दर अमावास्येला ती फळीला तेल चोळायची आणि म्हणायची, "आज तिकडे उधाण असेल."

सुतरण पेठेच्या सभेत जाऊन सगळ्यांच्या मागे बसू लागला. तीन पौर्णिमा तो नुसता ऐकत राहिला. चौथ्या पौर्णिमेला म्हणाला, "मिठागरात पाण्याशी कोणी भांडत नाही. बांध घालायचा, त्याला उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, ठेवायची, पाणी थांबलं की खाली बसायचं ते बसतं आणि वरचं निवळ पाणी पुढे सोडायचं. मला तीन वाफे खणू द्या." रंगारी हसले. पण महिन्याभरात वाफ्यांच्या तळाशी त्यांचा वाया जाणारा रंग वडीसारखा जमला, तो त्यांना परत मिळाला, आणि विहिरीचं पाणी निवळलं. मग वस्तीत एकेक उंबरठा बसत गेला. कोणी रडत बसवला, कोणी बायकोच्या शिव्या खात बसवला. चाळीस झाले.

काही वर्षांनी नंदिपालित थकला. त्याने आपली जागा सुतरणाला दिली. म्हणाला, "पाहुणा वाढायला लागला की पाहुणा राहत नाही." अकरा पेठांचा एकेक माणूस राजसभेत बसायचा, तसा सुतरणही बसू लागला. राजसभेला निघताना तो पुढच्या दारातून बाहेर पडायचा आणि घराला वळसा घालून मागे यायचा. मकरिका खिंडारातून हात काढून त्याच्या हातावर दही घालायची. सगळी पेठ हा सोहळा बघायला उभी असायची. तिला त्याचं काही नव्हतं.

उंबरठा बसवल्याला अशी नऊ वर्षं झाली. एके दिवशी नंदिपालित काठी टेकत खिंडारापाशी आला.

"मावशी, आहेस का बिळात?"

"मावशी कोणाला म्हणतोस? दात मोज. माझे तुझ्यापेक्षा जास्त आहेत."

"मोजीन मागून. आधी ऐक. शंखबेट मोकळं झालं! राजाच्या सैन्याने परचक्र हटवलं. राजा तुझ्या सुतरणाला बेटाचा कारभारी करून पाठवतोय. चतुर्दशीला तांडा निघणार. पावसाळ्याआधी घाट उतरायला हवा."

मकरिका उठली. मडकी बांधली, गोधडी बांधली आणि फळीला अमावास्या नसताना तेल लावलं. संध्याकाळी सुतरण आला तो घाईत नव्हता, तेव्हाच ती काय ते समजली.

"आई, मी चतुर्दशीला येणार नाही. पौर्णिमेला राजसभेत शलाका पडायच्या आहेत. डोंगराकडची गावं जळाली, तिकडचे लोक पश्चिम दरवाज्याबाहेर येऊन बसलेत. यापुढे कोणा परक्याला तगरात उंबरठा बसवता येऊ नये, असा कायदा आणतायत. पाच एका बाजूला, पाच दुसऱ्या. मी अकरावा."

"तो कायदा आपल्याला लागतो का?"

"नाही. आपले उंबरठे जुने झाले. राजाही तेच म्हणाला. तांडा एक दिवसही थांबणार नाही, कारभाऱ्याने त्याच्याबरोबरच जायचं; बेट की शलाका, तुझं तू ठरव म्हणाला. बेटाला तो दुसरा कारभारी देईल."

"आणि तू ठरवलंस."

"तू तांड्याबरोबर जा, आई. मी तुला अडवत नाही."

"मी तिथे एकटी कोणाला रांधू? समुद्राला?" मकरिका ओरडली. पण ती मानी बाई होती. एकवीस वर्षं जे म्हटलं ते आता कसं गिळायचं? चतुर्दशीच्या सकाळी तिने फळी डोक्यावर घेतली आणि पश्चिम दरवाज्याची वाट धरली. तांडा जुंपला जात होता.

दरवाज्याबाहेर डोंगराकडचे लोक धुळीत बसले होते. त्यांच्यात एक बाई जात्याची खालची दगडी तळी मांडीवर घेऊन बसली होती. खांद्याला घट्टे पडलेले. मकरिकेला राहवलं नाही.

"अगं ए, एकाच तळीवर काय दळशील? वरची कुठाय?"

"वरची सासूबाईंनी घेतलीय. त्या मागून येतायत. त्यांना भरभर चालवत नाही."

"किती दिवस झाले?"

"अठरा."

बाई हे इतक्या सरळपणे म्हणाली की मकरिकेला डोक्यावरची फळी एकदम जड झाली. तिने ती खाली ठेवली. ऊन चढलं. तांडेवाल्याने हाक मारली, "चल, आजी!" मकरिका त्या तळीकडे बघत होती. मग ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. माझ्या घरधन्याला सांगा..." आणि थांबली. "नाही. काही सांगू नका. तिथे कोणी नाही."

तांडा निघून गेला. धूळ बसली. मकरिका त्या बाईशेजारी खाली बसली. "पोरी, उद्या माझा मुलगा तुमच्यासाठी काडी टाकणार आहे. काडी पडली की घर बांध. उंबरठा माझ्याकडून, ही फळी. पक्का सागाचा आहे, खाऱ्या पाण्यातला. शंभर वर्षं किडणार नाही."

ती नगरात परतली आणि आपल्या घरासमोर येऊन उभी राहिली. पेठ बघायला गोळा झालीच. मकरिकेने लुगड्याचा ओचा उचलला, बाभळीचा उंबरठा ओलांडला आणि वरच्या चौकटीवर तिचं डोकं आपटलं.

"मेल्या, दार एवढं बुटकं केलंस?" ती आतून ओरडली. "नऊ वर्षांत एकाने तरी सांगायचं होतं!"

दुसऱ्या दिवशी सुतरणाने तिच्याकडून दही घेतलं ते पुढच्या दारात. सहा शलाकांनी तो कायदा पडला. बेटावर दुसरा कारभारी गेला. मकरिकेने पुन्हा समुद्र पाहिला नाही. दर अमावास्येला मात्र ती जात्यावालीच्या दारात जाऊन बसायची, तिथल्या उंबरठ्यावर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "आज तिकडे उधाण. उघाडी कोणी लावली असेल का?" ती बाई आत एका नव्या वरच्या तळीने दळत असायची, आणि दळता दळता म्हणायची, "लावली असेल हो, आई."

घरच्या आठवणीने कासावीस झालेल्या एका परमुलखातल्या भिक्खूला शास्त्याने जेतवनात ही कथा सांगितली, आणि जन्मांची गाठ अशी जोडून दिली: "तेव्हाचा अरिंदम राजा म्हणजे आजचा आनंद. ज्याने बेटाची वार्ता आणली तो नंदिपालित म्हणजे, मला कपिलवस्तूच्या वाटेची आठवण करून देणारा काळुदायी. जात्याची तळी वाहणारी ती बाई म्हणजे सगळं गमावून इथे आलेली पटाचारा. मकरिका म्हणजे महाप्रजापती गौतमी. संघात घ्या म्हणत सुजल्या पायांनी विहाराच्या दाराबाहेर उभी राहिली तेव्हा तिला ते उभं राहणं नवं नव्हतं. आणि सुतरण म्हणजे मीच."

मग शास्ता म्हणाला, "आपल्या घराची ओढ मारू नये, भिक्खू. तिच्यातूनच दुसऱ्याचं घर दिसतं. असं पाहणं म्हणजे मैत्री पारमिता."

भिक्खूने डोळे पुसले आणि दाराशी नुकत्याच आलेल्या पाहुण्याचे पाय धुवायला तो उठून गेला.