लोबानाचा धूर

"मग माझी श्रद्धा कुठं कमी पडली, तेवढं सांगा बाबा!"

विश्वंभरनं पाटी गफूरशाबाबांपुढं ठेवली. पाटीत एक ठिपक्यांची कोंबडी. मान ताणलेली, चोच उघडी, गळ्यात खरखर चाललेली.

मी बाबांच्या मिशा कातरत होतो. गावाबाहेर त्यांचा तकिया, म्हणजे फकिराचा मठ आहे, तिथं दर शुक्रवारी माझी हजामतीची फेरी असते. कात्री थांबवली.

"किती गेल्या?" बाबांनी विचारलं.

"सात. ही आठवी. सगळ्या अंजनाच्या."

अंजना त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडं राहते, पण अंडी विकून स्वतःचं भागवते. भावजयीपुढं कधी हात पसरला नाही बिचारीनं.

"लोबान लावलास?"

"लावलास म्हणजे काय! तुम्ही दिलेला प्रसाद तो. कोंबड्या शिंकायला लागल्या त्या दिवसापासून दोन्ही वेळेला लावतोय. खुराड्याच्या फटी शेणमातीनं बुजवल्या, वर पोतं टाकलं. धुराचा एक धागा बाहेर जाऊ दिला नाही. तुमच्या शिष्यांत एवढं कुणी करतं का, सांगा!"

आता काय म्हणावं या माणसाला! मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"अंजना काही म्हणाली नाही?"

"म्हणायची की. दादा, पोतं काढ, जीव गुदमरतोय त्यांचा... मी म्हटलं, गप बस. अर्धवट श्रद्धेनं गुण येत नसतो."

बाबा उठले, अर्धी मिशी तशीच.

कोंबडी उचलून तिच्या पाठीला कान लावला, आणि बाहेर कडुलिंबाखाली वाऱ्यावर नेऊन ठेवली.

परत येऊन त्यांनी धुपाटणं आतल्या खोलीत ठेवलं. निखाऱ्यावर मूठभर लोबान टाकला.

"आत बस. मी हाक मारली की ये."

विश्वंभर ऐटीत आत गेला. जाताना माझ्याकडं असं बघितलं, की बघ, शिष्य असा असतो. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

मी राहिलेली मिशी कातरायला घेतली. ती पुरी व्हायच्या आत खोकला सुरू झाला. मग ठसका. परत ठसका... आणि धाडकन दार उघडून विश्वंभर बाहेर पडला. डोळे लाल, नाकातोंडातून पाणी. उंबऱ्यावरच बसला.

"मी हाक मारली नव्हती," बाबा म्हणाले.

"जीव चालला होता, बाबा..."

"लोबान तोच होता."

विश्वंभर कडुलिंबाकडं बघत राहिला. कोंबडी अजून चोच उघडून हवा ओढत होती.

"मी मारल्या," तो म्हणाला. "ती रोज सांगत होती... आणि मी तिच्यावरच ओरडत होतो."

रडला, अगदी लेकरासारखा. मला त्याचा आलेला राग कुठल्या कुठं गेला.

"एवढी एक तरी वाचेल का?"

"ठाऊक नाही रे." बाबा त्याच्या शेजारी बसले. "चुकलो मीही. लोबान दिला, पण दार उघडं ठेव म्हणालो नाही. वाटलं, एवढं कळत असेल माणसाला."

"पण माझ्या श्रद्धेत खोट नव्हती हो, बाबा..."

"नव्हती."

बाबांनी आतल्या खोलीच्या दाराकडं बोट केलं.

"पण तुझ्या दाराला कडी आतून होती, विश्वंभर. त्यांच्या दाराला बाहेरून."