तलवारवाला नावाडी

फार पूर्वी, डोंगर आणि नदी यांच्या मधल्या मुलखात एक बाहुलीवाला राहायचा. हातात कसब असं की लाकूड जिवंत व्हावं, पण दुसऱ्याचं ऐकेल तर शपथ! त्याच्या बाहुल्यांच्या झुंजी बघायला जत्रेत माणसं झाडांवर चढून बसत.

त्या जत्रेची एक रीत होती. बाहुलीवाल्याने दरवर्षी आपल्या पैलवानाशी लढायला दुसऱ्या गावच्या गोष्टीतला एक पाहुणा वीर आणायचा. आणि खेळ चालू असताना निम्म्या लोकांनी पाठ फिरवली, तर जत्रेच्या पंचांनी सगळ्या बाहुल्यांच्या दोऱ्या तिथल्या तिथे कापायच्या. पुन्हा त्या मुलखात खेळ करायचा नाही.

"यंदा सटवा नावाडी आणतो," बाहुलीवाला बायकोला म्हणाला.

"अहो, नदीकाठची नऊ गावं सोडली तर त्याला ओळखतं कोण?"

"ती नऊ गावं येतील की! मांडव फुलून जाईल."

"मग आधी तिकडे जाऊन या. त्याच्या गोष्टी ऐका. तो लढतो कसा, ते तरी कळू दे."

"त्यात काय ऐकायचंय? लढाई म्हणजे लढाई!"

झालं! स्वारीने घरबसल्या नावाडी कोरला. पिळदार मिशा, लाल फेटा आणि हातात लखलखती तलवार. बायकोने कपाळाला हात लावला.

जत्रेला नऊ गावं खरंच लोटली. लेकरं खांद्यावर घेऊन माणसं दोन-दोन दिवस चालून आली होती. डोंगरातलेही तेवढेच. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बायकोने पैलवानाच्या दोऱ्या धरल्या, बाहुलीवाल्याने पाहुण्याच्या, आणि पडदा उघडला.

नावाडी तलवार फिरवत आला. डोंगरातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. नदीकाठची माणसं मात्र एकमेकांकडे बघू लागली. बाहुलीवाल्याने तलवार आणखी जोरात फिरवली. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा वळला आणि पाठ करून बसला. मग त्याचा लेक, मग सून. बघता बघता एक रांग फिरली, दुसरी फिरली, तिसरी फिरली.

आजोबांनी कोरलेल्या बाहुल्या मागे टांगलेल्या होत्या. पंच कात्री घेऊन उठले. आता नदीकाठची एकच रांग उरली होती. ती वळली, की निम्मे लोक पुरे.

"थांबा!" तो ओरडला. "माझं काय चुकलं, ते तरी सांगा!"

शेवटच्या रांगेतली एक भोईण उभी राहिली. रागाने तिचे डोळे भरून आले होते. "दादा, आमच्या सटवाने जन्मात तलवार धरली नाही. नाव आमचं घेतलंत, माणूस भलताच आणलात. आमची गर्दी तेवढी हवी होती होय तुम्हाला?"

बाहुलीवाल्याची मान खाली गेली. आजवर त्याने हातातल्या दोऱ्या खेळ चालू असताना कुणाला दिल्या नव्हत्या. त्या त्याने तिच्यापुढे धरल्या. "चुकलो, ताई. तुम्हीच दाखवा."

भोईण मंचावर चढली. तिने तलवार काढून फेकली. वल्हं कुठलं आणायचं? बायकोने मांडवामागच्या चुलीपाशी धावत जाऊन उलथनं आणलं, तेच बाहुलीच्या हाताला बांधलं.

पैलवानाने गदा उगारली. नावाडी नुसता डुलला, वार हुकला. दुसरा हुकला. तिसऱ्याला त्याने वल्ह्याने पैलवानाचा पाय ओढला, आणि पैलवान धाडकन मंचाच्या फळीवरून खाली! नावाडी कडेला आला, वाकला, वल्हं खाली धरलं आणि हरलेल्या पैलवानाला अलगद वर ओढून घेतलं.

"अगं बाई, वाचवलं त्याला!" डोंगरातली एक बाई ओरडली. तिने सटवाचं नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग सगळा डोंगर उठून ओरडू लागला. पाठ फिरवलेली माणसं हळूहळू वळली. म्हातारा तर फेट्याच्या टोकाने डोळे पुसत होता. पंचांनी कात्री कनवटीला खोचली.

भोईणीने दोऱ्या परत केल्या. "घ्या दादा, आता तुम्ही खेळवा."

"नको," बाहुलीवाला म्हणाला. "आधी मी तुमच्या गावाला येतो."

यातून घ्यायचं तात्पर्य: पाहुण्याला बोलावताना त्याला किती जण ओळखतात हे जरूर बघा, पण ते त्याच्यावर का जीव टाकतात हे आधी विचारा. तो जसा आहे तसा आला, तर अनोळखी माणसंही त्याला आपलं म्हणतात.