भुसा भरलेले राखणदार

"उद्याच रान उठवा! कुंभडोहाच्या रानातली वाघीण मला हवीच!"

सालईगडच्या रणधीरराजांनी भर दरबारात फर्मावलं. त्यांच्या शिकारखान्यात एकोणपन्नास वाघ भुसा भरून उभे होते. पन्नासाव्याची जागा तेवढी रिकामी होती आणि त्यापायी राजांना जेवण गोड लागत नव्हतं. पण मारायला वाघ उरलेत कुठे? सगळ्या राज्यात मिळून ती एक वाघीण आणि तिची दोन बछडी!

रान उठवायचं म्हणजे शेकडो माणसांनी ढोल बडवत जनावर राजांच्या मचाणाकडे हाकलायचं. त्यासाठी डोहाजवळच्या हिरडेटोल्याच्या लोकांना बोलावणं गेलं. लोक आले, पण सगळ्यांच्या पुढे उभी होती महागू शेतकऱ्याची लेक रायवंता. तिच्या गळ्यात ढोल नव्हता.

"महाराज, तिले मारू नका! ते आमची राखणदार आहे. ते डोहात आहे म्हून रानडुकरं आमच्या वावरात पाय ठेवत नाहीत."

"राखणदार?" राजे खेकसले. "डोंगरापलीकडच्या माझ्या शेतावर आठ शिपाई राखणीला आहेत, तरी डुकरं ज्वारी लोळवतात! तिथे एक वाघीण काय दिवे लावणार?"

"तिकडचे वाघ तुमीच तर मारले, महाराज!"

राजांच्या मिशा थरथरल्या. खरं बोललेलं त्यांना लगेच झोंबायचं.

"असं? मग आण माझ्या शेताला राखणदार! तो झोपता कामा नये, दाणा खाता कामा नये, मजुरी मागता कामा नये आणि डुकरं त्याला भ्यायला हवीत. वाघिणीला डोहातून हलवायचं नाही. आठ दिवस देतो! जमलं नाही तर पहिला ढोल तूच बडवायचास!"

महागूने कपाळाला हात लावला. रायवंता मात्र शांतपणे म्हणाली, "चालते, महाराज. फक्त तुमच्या शिकारखान्यातले दहा मोठे वाघ मले द्या."

राजे एकदम खूश! त्यांचा पराक्रम एकदाचा रयतेच्या नजरेस पडणार होता. दहा बैलगाड्यांतून दहा वाघ वाजतगाजत शेतावर गेले आणि ज्वारीत जागोजागी उभे राहिले.

तीन दिवस एक डुक्कर फिरकलं नाही. राजांनी मिशीला पीळ दिला. "बघा! मेलेल्या वाघांवर भागतंय, मग जिवंत हवी कशाला? ढोल तापवून ठेवा!"

महागूने पुढ्यातली भाकरी बाजूला सारली. "पोरी, तूच त्या लेकुरवाळीचा जीव घेतलास!"

"बाबा, डुकरांचं नाक राजवाड्यात नाही वाढलं, मेलेलं-जितं ते हुंगून ओळखतेच," रायवंता म्हणाली आणि भाकरी खात राहिली.

आठव्या दिवशी सकाळी राजे लवाजमा घेऊन शेतावर पोचले आणि जागीच थिजले. अर्धी ज्वारी आडवी! ज्या वाघाच्या शिकारीची गोष्ट राजे प्रत्येक पाहुण्याला दोनदा ऐकवत, त्याच्याच अंगावर एक गलेलठ्ठ डुक्कर डोळे मिटून पाठ घासत होतं. दुसऱ्या वाघाच्या पोटाखाली पिल्लं सावलीला पहुडली होती. तिसऱ्याच्या शेपटीतला भुसा एक डुकरीण ओढून काढत होती.

"पोरी! हे काय?"

"राखणदार, महाराज! झोपत नाहीत, डोळे काचेचे आहेत. दाणा खात नाहीत, पोटात भुसा आहे. मजुरीचं तर नावच नाही!"

"पण डुकरं भितात कुठे? तू हरलीस!"

"कातडं तेच, नखं तीच, मिशा त्याच," रायवंता म्हणाली. "एक जीव तेवढा तुमी काढून घेतला. डुकरं त्यालेच भीत होती, महाराज! तो परत घालता येत असंल तर घाला. नाही तर खरे राखणदार डोहात वाढून राहिले. बछडी मोठी झाली की आपापलं रान शोधाले निघतेत. मधात एकच डोंगर आहे. तुमच्या शेतावर ते आपल्या पायानं येतील, पण तोवर त्यांची माय जगली पाहिजे!"

"मोठी व्हायला दोन वर्षं लागतील! मी आठ दिवस दिले होते!"

"रान रिकामं कराले तुमाले वीस वर्षं लागली, महाराज. भराले दोन तरी द्या!"

तेवढ्यात त्या गलेलठ्ठ डुकराने शेवटचा जोरदार घासा दिला आणि राजांचा लाडका वाघ धपकन तोंडावर आपटला. राजे आधी लालबुंद झाले, मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि मग ते असे हसले की घोड्यावरून पडता पडता वाचले!

"शिकार बंद! आजपासून कायमची! या शेताचा अर्धा तुकडा रायवंताला इनाम! आणि ती वाघीण आमची सरकारी राखणदार, बछडी उमेदवार. कारभारी, नेमणुकीचा कागद लिहा!" मग त्यांनी मिश्किलपणे रायवंताकडे पाहिलं. "काय गं, हा कागद डोहात नेऊन वाघिणीच्या हाती कोण देणार?"

रायवंताने हात जोडले. "हुकूम तुमचा, शिक्का तुमचा, महाराज. पोच म्हून तिचा पंजाही तुमीच उमटवून आणा!"