गढूळ ग्लास

एकदा एका बाजारगावाला संशयाची बाधा झाली. ताप आला तर काढा असतो, हाड मोडले तर पट्टी असते; संशयावर काय लावणार? आणि गंमत अशी की ही बाधा गावाला कॉफीतून झाली.

गाव घाटाच्या पायथ्याशी होते आणि त्याला कॉफीचे भारी वेड. पाहुण्यापुढे चहा ठेवला तर तो यजमानाच्या कंजूषपणावर बोलत घरी जाई. मात्र प्रत्येकाची कॉफी निराळी. निवृत्त मामलेदारसाहेब ती कोरी, बिनसाखरेची, डोळे मिटून पीत आणि डोळे उघडले की जगाविषयी मत देत. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका द्वारकाबाई यांना आटवलेले दूध आणि वर किसलेले जायफळ लागे. साय आली तर ती आधी चमच्याने खायची, हा त्यांचा नियम. तालमीचे वस्ताद गूळ घालून तांब्याभर पीत. शिंपीआळीत बशीत ओतून, फुंकर घालून, मोठा आवाज करत पिण्याची रीत होती आणि जो आवाज करत नसे त्याची प्रकृती विचारली जाई. कडकडीत एकादशी करणारी घरेसुद्धा कॉफीला उपासात हळूच बसवून घेत. दुसऱ्याच्या घरची कॉफी प्रत्येकाला पाणचट वाटे. इतके मतभेद असूनही पूड मात्र सगळ्यांची एकाच दुकानातली.

त्या दुकानाच्या दारावर पाटी होती: ‘शुद्ध कॉफी. भेसळ सिद्ध केल्यास दुकान बंद करू.’ पाटी जुन्या व्यापाऱ्याने लावली होती. त्याने उभा जन्म त्या गादीवर काढला, आणि त्याच्या शब्दावर गावाचा देवाइतका विश्वास. गेल्या दिवाळीत त्याने दुकान मुलाच्या हाती दिले. मुलगा सरळ, कमी बोलणारा. मुलगा गादीवर बसला आणि थोड्याच दिवसांत गावाच्या जिभेला काहीतरी खटकू लागले.

मामलेदारसाहेब म्हणाले, “रंग उतरत नाही.” द्वारकाबाई म्हणाल्या, “जरा आंबूस लागते.” शिंपीआळी म्हणाली, “पहिल्यासारखी जिभेवर बसत नाही.” एकाला वाटले ते दुसऱ्याला पटले, आणि सगळ्यांना पटले म्हणून ते खरे ठरले. मग शोध सुरू झाला. हा पोरगा भाजणीच्या वेळी मागचे दार का लावतो? चोराच्या मनात चांदणे! म्हातारा व्यापारी हल्ली गादीवर का दिसत नाही? त्याला आत कोंडले असणार. कोणी म्हणे, चिंचोके भाजून दळतो. कोणी म्हणे, खजुराच्या बिया. एका कल्पक माणसाने तर असे सांगितले की हॉटेलांतला वापरलेला चोथा आणून, वाळवून पुन्हा विकतो. आणि हे सांगताना त्याने रोज तीच कॉफी पिणाऱ्या बायकोकडे मोठ्या दयेने पाहिले. पाणी कुठेतरी मुरतंय, यावर गावाचे एकमत झाले. लोक शेजारच्या गावाहून पूड आणू लागले. शेवटी ठरले, की येत्या बाजारच्या दिवशी दुकानासमोरच सभा भरवायची आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणे निकाल लावायचा. चव घ्यायला गावाबाहेरच्या पाठशाळेतल्या वृद्ध गुरुजींना बोलवायचे, कारण त्यांची जीभ खोटे बोलत नाही, अशी ख्याती होती.

हे कळताच तरुण व्यापारी गुरुजींकडे गेला. हातात कॉफीचा नवा डबा होता. नमस्कार करून तो म्हणाला, “गुरुजी, माझी कॉफी शुद्ध आहे. तुम्ही चारचौघांत तेवढं एक वाक्य बोला. नाहीतर वडिलांनी उभं केलेलं दुकान माझ्या हातून जाईल.”

गुरुजी म्हणाले, “शुद्ध आहे हे मला पहिल्या घोटालाच कळलं. कधीपासून शुद्ध आहे, ते तू सांग.”

 व्यापाऱ्याने मान खाली घातली, डबा तिथेच ठेवला आणि निघून गेला. गुरुजींनी डबा उचलला, उघडून वास घेतला आणि समाधानाने फडताळात ठेवला.

गुरुजींचा एक शिष्य हे दारातून पाहत होता. हुशार मुलगा, पण हुशारीला संशयाचे वावडे नसते, उलट तिला तो फार मानवतो. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सभेच्या तोंडावर न्याय देणाऱ्याकडे डबा येतो काय, आणि न्याय देणारा तो ठेवून घेतो काय! त्या दिवसापासून गुरुजी कॉफीचा घोट घेऊन डोळे मिटत, तेव्हा शिष्याला त्यांच्या चेहऱ्यावर ब्रह्मानंद दिसेना, लाच दिसू लागली.

त्याने परीक्षा करायचे ठरवले. गार पाण्याने भरलेल्या ग्लासावर त्याने नव्या डब्यातली चिमूटभर पूड टाकली. पूड वर तरंगत राहिली, खालचे पाणी स्वच्छ. म्हणजे शुद्ध! मग त्याला वाटले, गुरुजींसाठी म्हणून खास डबा दिला असेल. तो बाजारात गेला, स्वतःचे नाव न सांगता दुसऱ्याकरवी पूड आणवली. तीही तरंगली. आता संशयाने कुठे जावे? तेवढ्यात फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात त्याला दिवाळीपूर्वीचा एक डबा सापडला, तळाशी थोडी पूड राहिलेला. ती त्याने दुसऱ्या ग्लासावर टाकली. निम्मी तरंगली. निम्मी झरझर खाली गेली आणि जाताना पाण्यात तांबूस रेघा सोडत गेली. थोड्या वेळात सारा ग्लास गढूळ झाला. चिकोरीच्या मुळांची भाजलेली पूड अशीच बुडते आणि रंग सोडते, हे त्याला ठाऊक होते.

शिष्य बघत राहिला. ज्या कॉफीला गाव शुद्ध म्हणत होते ती भेसळीची होती, आणि भेसळीची म्हणून ज्या कॉफीवर गाव तुटून पडले होते तीच शुद्ध होती. चोर सापडला होता, पण तो गादीवरचा मुलगा नव्हता, आतल्या खोलीत बसलेला बाप होता. शिष्याला अतिशय आनंद झाला. हा आनंद न्याय होणार म्हणून झाला की पकडले म्हणून, हे त्याने स्वतःला विचारले नाही. गुरुजींनाही काही सांगितले नाही. दोन्ही पुड्या बांधून ठेवल्या.

बाजारच्या दिवशी दुकानासमोर ही गर्दी जमली. मामलेदारसाहेब अध्यक्ष, दुसरे कोणी होऊ शकत नव्हते. तरुण व्यापारी पाटीखाली उभा होता, चेहरा उतरलेला. आतल्या दाराच्या चौकटीला धरून म्हातारा व्यापारी उभा होता. लोक त्याच्याकडे कळवळून बघत होते. पोराने बापाची अब्रू घालवली, असे एकमेकांना सांगत होते.

गुरुजी कॉफी चाखणार, तेवढ्यात शिष्य पुढे झाला. त्याने दोन काचेचे ग्लास पाण्याने भरून फळीवर ठेवले आणि खड्या आवाजात म्हणाला, “चवीवर काय जाता? डोळ्यांनी बघा. शुद्ध कॉफी पाण्यावर तरंगते, भेसळ बुडते. ही आजची पूड.” पहिल्या ग्लासातली पूड तरंगली. गर्दी पुढे सरकली. “आणि ही,” शिष्याने दुसरी पुडी सोडली, “ही पूड…”

तांबूस रेघा खाली उतरू लागल्या. शिष्य पुढचा शब्द उच्चारणार, इतक्यात गुरुजींनी हात लांब केला, तो दुसरा ग्लास उचलला आणि सगळ्यांदेखत घटाघटा पिऊन टाकला. रिकामा ग्लास पालथा घातला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “तहान लागली होती.”

 एकच गिल्ला झाला. “पुरावा प्यायले!” मामलेदारसाहेब ओरडले. सरकारी नोकरीत त्यांनी पुरावा गहाळ झालेला पाहिला होता, कोणी प्यायलेला पाहिला नव्हता. वस्ताद म्हणाले, “पाणी कुठंतरी मुरतंय म्हणत होतो. हे तर गुरुजींच्याच पोटात मुरलं की!” मागून आवाज आला, “गुरुजीही विकले गेले.” शिष्याला तर भोवळ यायची बाकी होती. गुरुजींवरचा त्याचा संशय खरा ठरला होता, आणि आता तो खरा ठरल्याचे त्याला फार वाईट वाटत होते.

गुरुजी शांत उभे होते. ते म्हणाले, “मला काही सांगायचं नाही. ज्याला सांगायचं असेल त्यानं सांगावं.” आणि ते कोणाकडेही न बघता बाकावर बसले.

तरुण व्यापाऱ्याने एकदा आतल्या दाराकडे पाहिले. मग हात जोडून म्हणाला, “भेसळ झाली आहे. ती मी केली. वडिलांना यातलं काही माहीत नाही. आजपासून दुकान बंद करतो.”

“गप बस,” आतून आवाज आला.

म्हातारा चौकट सोडून बाहेर आला.  कोणी हात द्यायला गेले तर त्याने तो झिडकारला. “यानं केली नाही. यानं थांबवली. चिकोरी मी घालत होतो. एका महागाईच्या साली पहिल्यांदा घातली. भाव वाढवला असता तर तुमच्यातल्या निम्म्यांची कॉफी सुटली असती, अशी मनाची समजूत घातली. पुढं स्वस्ताई आली. माझा हात काही आखडला नाही. वर ही पाटी लावली, म्हणजे कोणी विचारायला नको. दिवाळीत यानं चिकोरीची पोती बाहेर काढली तेव्हा मी म्हटलं, बापाला चोर ठरवतोस काय? त्या दिवसापासून हा माझ्यासाठी मुकाट शिव्या खातोय आणि मी आत बसून ऐकतोय.” त्याने पालथ्या ग्लासाकडे बोट केले. “त्या ग्लासात काय होतं ते माझ्याशिवाय कोण ओळखणार? माझं पाप त्या माणसानं पिऊन टाकलं. आता पाटीवर लिहिलंय तसं करा. पण चोर म्हणायचं असेल तर मला म्हणा.”

 निकाल द्यायला आलेले लोक पायांकडे बघू लागले. बऱ्याच वेळाने द्वारकाबाई चाचरत म्हणाल्या, “मग काका, ती जी आम्हाला इतकी वर्षं आवडत होती, ती…?”

“चिकोरी,” म्हातारा म्हणाला.

मामलेदारसाहेबांना जोरात खोकला आला.

दुकान बंद झाले नाही. बापाचे दुकान बंद करायचे म्हणजे मुलाचे बंद करायचे, आणि तेवढे निगरगट्ट ते गाव नव्हते. काही घरे रागाने पुढेही शेजारच्या गावाहून पूड आणत राहिली, तो त्यांचा हक्कच होता. म्हातारा मात्र पुन्हा गादीवर येऊन बसू लागला आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला भर रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागला, “नुसती देऊ, की मिसळून?”

पण ही पुढची गोष्ट. त्या दिवशी पाठशाळेकडे परत जाताना शिष्य म्हणाला, “गुरुजी, मी सत्यच दाखवत होतो. तुम्ही ते का प्यायलात?”

गुरुजी म्हणाले, “तू दाखवलं असतंस तर म्हातारा पकडला गेला असता. पकडलेला माणूस उरलेलं आयुष्य सबबी सांगण्यात घालवतो. आपण होऊन बोललेला माणूस मोकळा होतो. त्याला बोलायला दोन क्षण हवे होते, ते मी त्याला दिले. चुकला तो मुलगाही. लोक चूक गुपचूप करतात, त्यानं दुरुस्ती गुपचूप केली. गावाला नुसता बदल दिसला, कारण दिसलं नाही. जिथं कारण दिसत नाही तिथं संशय येऊन बसतो, मग काम कितीही चांगलं असो.”

“आणि म्हातारा बोललाच नसता तर?”

“तर मी एक ग्लास गढूळ पाणी फुकट प्यायलो असतो, मुलगा नाहक बदनाम झाला असता, आणि लोकांनी मलाही चोर म्हटलं असतं. ती भीती होतीच. चांगलं होईल याची खात्री असती तर त्यात मी काय मोठं केलं असतं?”

 मग शिष्य, कोणी विचारलेले नसताना, खाली बघत म्हणाला, “गुरुजी, त्या दिवशी तुम्ही तो डबा ठेवून घेतलात, ती लाच आहे असं मला वाटलं होतं.”

“बरं झालं बोललास,” गुरुजी म्हणाले. “खरं सांगायचं तर मलाही जुनीच कॉफी जास्त आवडायची. पण त्या पोराची कॉफी गावात दुसरं कोणीच घेत नव्हतं रे.”