पिंगळ्याचा तिसरा प्रश्न

एका राज्यात सगळ्यांना सगळं माहीत होतं. निदान ज्याला त्याला तसं वाटत होतं. न्हाव्याला समुद्राची खोली माहीत, कोतवालाला हत्तीचे दात माहीत, आणि माहीत असलेलं पोटात ठेवायची सवय कोणालाच नव्हती. दिवेलागण झाली की माणसं येसाक्काच्या गुत्त्यात जमत, मोहाची दारू पीत आणि आढ्यावरच्या पिंगळ्याच्या प्रश्नांना उत्तरं देत. पिंगळा माणसासारखा बोले. पंगतीने एकेकाला विचारत जाई, आणि अशा तीन फेऱ्या होत. तिन्ही उत्तरं बरोबर देणाऱ्याला चुलीखाली पुरलेला हंडा मिळायचा होता. नियम एकच. विचारणाऱ्याचा शब्द शेवटचा. हंडा अजून कोणालाच मिळाला नव्हता.

त्या राज्याच्या राजाला तीन मुलं. थोरला सूर्यभान, मधली तारावली, धाकटा चित्रभान. तारावली भित्री होती. पाल चुकचुकली की दचकायची, दार वाजलं की उठून उभी राहायची. सगळे तिला हसत, आणि त्यांच्याबरोबर तीही हसे.

एका संध्याकाळी ती चित्रभानाचे डोळे मागून झाकून उभी होती.

"ओळख, मी कोण?"

"एवढे गार हात दुसऱ्या कोणाचे असणार? ताई, सोड!"

त्याच्या पापण्या तिच्या तळव्यांत फडफडत होत्या. फडफडता फडफडता थांबल्या. तारावलीने पाहिलं, तर हात तसेच उचललेले आणि समोर कोणी नाही.

ती धावत राणीकडे गेली. "आईसाहेब, चित्रभान कुठं गेला?"

राणीने केसांतली फणी काढून तिच्याकडे पाहिलं. "कोण चित्रभान?"

तारावली त्याच्या खोलीत गेली. पलंगाच्या जागी समई उभी होती आणि समईखाली तेलाचा डाग होता. डाग जुना होता, वर्षानुवर्षं पुसूनही न गेलेला.

रात्रीच्या जेवणाला भावंडांची दोनच पानं मांडली होती. सूर्यभान हसत हसत आला.

"तारे, आज माझी काय फजिती झाली! गुत्त्यात गेलो होतो. दोन प्रश्न असेच गेले. तिसरा कोणता विचारावा त्या पाखराने? तुम्ही भावंडं किती! मी म्हटलं, तीन."

तारावलीच्या हातातला घास तसाच राहिला.

"पिंगळा म्हणाला, चूक, दोन. सगळा गुत्ता खदखदून हसला. राजपुत्राला घरची माणसं मोजता येत नाहीत म्हणे!"

"दादा, पण तू तीन का म्हणालास?"

"जीभ घसरली."

"तीन वाटले म्हणूनच म्हणालास ना?"

काहीतरी आठवू पाहणाऱ्या माणसासारखा सूर्यभानाचा चेहरा झाला, आणि मग पुन्हा साफ झाला. "वाटलं असेल. पण विचारणाऱ्याचा शब्द शेवटचा. आमटी वाढा रे कोणीतरी."

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी तारावली एकटी निघाली. पूर्वेच्या वेशीत मारुती होता. त्याच्या पायाला हात लावताना शेंदूर तिच्या बोटाला लागला. तो तसाच घेऊन ती वेशीबाहेर पडली आणि गुत्त्याच्या दाराशी आली.

येसाक्का चुलीपाशी बसली होती. तिच्या शेजारी दोन ताटं वाढलेली होती.

"बाईसाहेब, तुम्ही? आणि इथं?"

"मला पंगतीत बसायचं आहे. दुसरं ताट कोणाचं, आक्का?"

येसाक्का ताटाकडे बघत राहिली. "कोण जाणे. मी एकटीच आहे. पण हात आपोआप दोन वाढतात. निवलं की कुत्र्याला घालते." मग तिने आवाज उतरवला. "जपून बसा. तिसरा प्रश्न नेहमी ज्याच्या त्याच्या घरचा असतो."

राजाची लेक म्हणून तारावलीला पहिला पाट मिळाला. तिच्या शेजारी म्हादबा होता, दिवस मावळायच्या आधीच झिंगलेला. पलीकडे वैद्यबुवा, सावकार, शास्त्रीबुवा. आढ्यावर पिंगळा हलला. त्याने मान पाठीपर्यंत फिरवली आणि तिच्यावर डोळे लावले.

"राजकन्ये, या नगराला वेशी किती?"

हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. "पाच," ती म्हणाली.

"चूक. चार."

बाहेर पूर्वेकडून गाड्या येत होत्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज मधेच तुटला. तारावलीने दाराबाहेर पाहिलं. ज्या वेशीतून ती आली होती तिथं सलग तट होता आणि तटावर शेवाळ होतं.

"चारच की!" शास्त्रीबुवा म्हणाले. "पाचवी कुठून आणलीत, बाईसाहेब?"

तिच्याही मनात आलं, खरंच, चारच तर. मग तिचं लक्ष बोटाकडे गेलं. शेंदूर ओला होता. तो बघताच वेस आठवली, मारुती आठवला. हाताला लागलेलं तेवढं या पाखराला नेता येत नव्हतं. तिने दोन्ही तळवे एकमेकांवर घट्ट दाबले. आत पापण्यांची फडफड अजून होती.

पिंगळा पुढे सरकला. "म्हादबा, माणसाच्या हाताला बोटं किती?"

"बोटं?" म्हादबाने हात डोळ्यांसमोर धरला. हात डुलत होता की तो स्वतः, ते त्यालाच कळेना. "एक, दोन... थांब रे, हलू नकोस... सहा!"

"चूक. पाच."

गुत्ता हसून लोळला. "अरे म्हाद्या, उद्या बायकोही दोन दिसतील!" कोणीतरी ओरडलं. म्हादबाही हसला आणि त्याने पेला उचलला, पाचही बोटांनी.

तारावली मात्र गारठली. म्हादबा शुद्धीवर असता तर पाच म्हणाला असता. मग पिंगळा काय म्हणाला असता? तिने आपली करंगळी मुठीत लपवली. या घरात आजवर येत होती ती सगळी माहितगार माणसं. बरोबर उत्तर देत होती, आणि दर उत्तराला राज्यातलं काहीतरी एकाने कमी होत होतं. चुकायची लाज सगळ्यांनाच होती, म्हणून शहाण्यांपैकी कोणी चुकलंच नव्हतं.

वैद्यबुवांनी झटकन उत्तर दिलं. बाहेर एक पाखरू गाता गाता थांबलं. फेरी पुरी झाली.

"राजकन्ये, आठवड्याचे वार किती?"

तारावली म्हणाली, "आठ."

आढ्यावर पंख फडफडले. "चूक. सात."

हसण्याने कौलं हादरली. सावकाराने मांडीवर थाप मारली. "आठवा वार कोणता हो, बाईसाहेब? आम्हालाही कळू द्या, त्या दिवशी दुकान बंद ठेवू!" तारावलीचे कान तापले. पण सोमवारपासून रविवारपर्यंत तिने मनात मोजलं, आणि एकही गळाला नव्हता.

दुसरी फेरी सरली. पिंगळा आढ्यावरून खाली उतरला आणि तिच्या पाटासमोर येऊन बसला. जवळून त्याचे डोळे पाखराचे वाटत नव्हते. फार थकलेल्या म्हाताऱ्याचे डोळे होते ते.

"राजकन्ये, तुम्ही भावंडं किती?"

चार म्हणायचं, एवढंच तर होतं. पण तिला शंका आली. आईसाहेब म्हणाल्या, कोण चित्रभान. समईखालचा डाग जुना होता. आपण तर पालीलाही घाबरतो, मग भावही भीतीतूनच उपजला नसेल कशावरून? भावंडं मुळात दोनच असली आणि आपण चार म्हटलं, तर जो कधी जन्मलाच नाही असा कोणीतरी घरी येऊन बसेल. आईसाहेब त्याच्या केसांतून हात फिरवतील. तो आपल्याला ताई म्हणेल, आणि तो कोण हे कोणालाच कळणार नाही.

तिने डोळे मिटले, तळवे उघडले. एवढे गार हात दुसऱ्या कोणाचे असणार, असं तो म्हणाला होता. भीतीला असं चिडवता येत नाही. घरचंच माणूस असं चिडवतं.

"चार," ती म्हणाली.

या वेळी हसायला कोणी धजलं नाही. पिंगळ्याने चोच मिटून घेतली. ती आपोआप उघडली. त्याने मान फिरवली. तीही पुढेच वळली. शब्द त्याच्या गळ्यातून ओढून काढावा तसा बाहेर आला.

"चूक... तीन."

चूल दुभंगली. खालच्या हंड्याचं झाकण उडालं. हंड्यात सोनं नव्हतं. आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज बाहेर आला आणि पूर्वेला वेस उभी राहिली. मग पाखराचं गाणं आलं, एक झरा आला, कोणाकोणाची माणसं अंग झाडत आली. एक मुलगी राख झटकत उठली आणि येसाक्काला म्हणाली, "आये, माझं ताट कुठाय?"

पिंगळ्याची पिसं गळाली. त्याच्या जागी एक म्हातारा पंडित बसला होता.

"आपल्याहून कोणाला जास्त ठाऊक असावं हे मला सोसत नसे," तो म्हणाला. "म्हणून गुरूंनी शाप दिला. जो जे सांगेल त्यातलं एक तू घेशील, आणि घेतलेलं एखादं तरी स्वतःच्या तोंडाने परत देईस्तोवर पाखरू राहशील. पोरी, चुकीचं उत्तर जाणूनबुजून द्यायला माझ्यासमोर कोणी तयारच झालं नाही."

त्याने तिला नमस्कार केला आणि तो काठी टेकत निघून गेला.

राज्य होतं तसं झालं. आणि होतं तसं झाल्यामुळे काही कमी झालं होतं हे कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही. वेस होतीच, झरा होताच, चित्रभान तर जन्मापासून होताच. लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की राजाच्या लेकीला भर गुत्त्यात आठवड्याचे वार सांगता आले नाहीत. बाजारात बायका तोंडाला पदर लावत. भाट त्यावर पदं करत. सर्वांत जास्त छळे तो चित्रभान. जेवता जेवता पाटावरून वाकून तो विचारी, "ताई, वार किती गं?"

तारावली त्याच्याकडे बघे. त्याच्या पापण्या, नाकावरची जखम, ओठाला लागलेलं ताक, सगळं नीट बघे.

"आठ," ती म्हणे, आणि त्याच्या पानावर आणखी भात वाढी.

जसं तिच्या घरचं माणूस तिच्या घरी आलं, तसं ज्याच्या त्याच्या पंगतीला ज्याचं त्याचं माणूस असो, आणि दिवेलागणीला कोणाचंही पान रिकामं न राहो.