भागू मापारणीची पायली

आपल्या पणज्यांचे पणजे रांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. आडुळवाडीच्या बाजारात भागू मापारीण धान्य मापायची. धान्य कुणाचंही असो, पायली तिचीच. तिचा हात चालू लागला की विकणारा आणि घेणारा दोघंही निर्धास्त व्हायचे, असं म्हणतात. तिचा एकुलता लेक म्हाळू त्याच बाजारात जोंधळा विकायचा.

एके साली पाऊस आलाच नाही. वंजारी बैलांवर धान्याच्या गोण्या लादून घाट उतरायचे, तेवढ्यावर गाव तगून होतं. भाव चढत गेले. बायका भागूला म्हणाल्या, "लेकाला सांग की, थोडं कमी कर म्हणून."

"भाव त्याचा, बायांनो. माझ्या हाती मापच तेवढं."

पण त्या दिवशी ती न जेवताच निजली.

लोक सरकारच्या कमाविसदाराकडे गेले. त्यानं दवंडी पिटवली : गेल्या सालच्याच भावानं विका. ते ऐकून वंजारी घाटातूनच माघारी फिरले. बाजार ओस पडला. घराघरांतले पाळणे रिकामे झाले. तेव्हा भागू कचेरीत गेली.

"सरकार, भाव सोडा, माप धरा. वंजारी पोटासाठी येतो, त्याला येऊ द्या. कुणी कुणाला लुबाडू नये, एवढं तुम्ही बघा."

"आणि लुबाडणारा सापडला तर?"

"शिवेबाहेर काढा."

दवंडी मागे घेतली. गोण्या पुन्हा आल्या, भाव हळूहळू उतरू लागले. आणि एका बाजारी भागूच्या हाताला पायली उथळ लागली. आत तळाला कुणीतरी लाख चढवली होती. पायली तिच्या घरात असायची, आणि घरात माणसं दोनच.

तिनं पायली उचलून भर बाजारात दाखवली.

"आई, तू गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलं असतं?" म्हाळू म्हणाला.

"मला कळलं होतं ना, बाळा."

म्हाळूला शिवेबाहेर काढलं. तो घाट चढून गेला. भागूनं लाख खरवडली आणि पुन्हा मापायला बसली. त्या दुपारी एका गोणीतून साऱ्या गावाला मापून झालं, तरी गोणी सरली नाही, असं म्हणतात. लोक हात जोडत होते. तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

पुढं बाजार उठला की ती घाटाच्या तोंडाशी जाऊन बसायची. तिथंच एक दिवस तिनं डोळे मिटले. म्हाळू परतला नाही.

अजूनही आडुळवाडीत बाजाराची पहिली पायली कुणी विकत नाही. त्या धान्याच्या भाकरी थापून घाटाच्या तोंडाशी नेतात. जो वाटसरू उतरेल त्याला नाव-गाव न विचारता वाढतात आणि म्हणतात, "बस, जेव. तुझी आई वाट बघून गेली."