खालची ओळ

“मग हे माझं ऐकत का नाही?”

पद्माकर उपाध्ये यांनी माउस बाजूला सरकवला आणि खुर्ची मागे ढकलली.

अत्तार सर खिडकीशी चहा पीत उभे होते. “काय सांगितलंत त्याला?”

“भिंत काढ म्हणून सांगितलं. आतली रेषा आहे, तिच्या बाहेर नऊ इंचांवर दुसरी हवी. एवढं सोपं काम. पण हे कधी भलतीकडेच रेषा टाकतं, कधी नुसतं ढिम्म बसून राहतं.”

“हं…”

सर चहा पीत राहिले.

मिरजेत, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर हा क्लास चाले. कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकवत. अत्तार सरांची दाढी पांढरी झाली होती आणि बोलणं कमी होत होत जवळजवळ संपलं होतं. मी उपाध्यांच्या शेजारच्या मशीनवर बसत असे, त्यामुळे त्यांचा रोजचा वैताग मला फुकटात ऐकायला मिळे.

उपाध्ये सांगलीतल्या एका आर्किटेक्टकडे नोकरीची सगळी वर्षं हाताने घरांचे नकाशे काढत आले होते. त्यांची रेषा गवंडीसुद्धा ओळखत, असं ते सांगत. आणि ते खरंही असावं, कारण फळ्यावर खडूने काढलेली त्यांची रेषाही पट्टी लावल्यासारखी येई. माणसाला त्याचा गर्व होता. तो त्यांना शोभतही होता.

पण साहेबांनी सांगितलं होतं की दिवाळीनंतर ऑफिसात ड्रॉइंग बोर्ड राहणार नाही. कॉम्प्युटर शिकून या, नाहीतर आता घरी विश्रांती घ्या. ‘विश्रांती’ हा शब्द उपाध्यांना फार लागला होता. हात चालत असताना घरी बसायचं, या कल्पनेनेच ते धास्तावले होते.

म्हणून ते क्लासला येत, आणि आल्यापासून जाईपर्यंत “ते मला माहीत आहे” म्हणत. शिकायला आलेला माणूस हे इतक्या वेळा म्हणतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मधूनच त्यांना घरून फोन येई. या क्लासचा पत्ता शोधून काढला होता तो त्यांच्या पत्नीने, रत्नमालाबाईंनी. त्याच फोन करत. पलीकडून “अहो, आज जमलं का—” एवढंच मला ऐकू येई.

“कामात आहे. मग बोलू.”

की फोन बंद. त्या दिवशीही तसंच झालं होतं.

सरांनी कप खिडकीत ठेवला आणि उपाध्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

“मला येत नाही असं नाही, सर,” उपाध्ये म्हणाले. मग जरा थांबून, हळू आवाजात म्हणाले, “पण हे मला जमणार नाही बहुतेक. कागद कसा… कागद माणसाला ओळखतो.”

आवाजात इतकी हार होती की मला वाईट वाटलं.

धूळ बसू नये म्हणून आमच्या प्रत्येक मशीनला कापडी कव्हर शिवलेलं होतं. सरांनी उपाध्यांच्या मशीनचं कव्हर उचललं आणि चालू पडद्यावर वरून ओढलं. तळाशी दोन बोटांची पट्टी तेवढी उघडी ठेवली.

“हे काय? आता मी बघू काय?”

“उरलंय ते.”

त्या पट्टीत बारीक अक्षरांची एकच ओळ होती. ती तिथे असते हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. वाचत मात्र कुणी नसे, कारण चित्र वर असतं.

“खोली काढा,” सर म्हणाले.

उपाध्यांनी चौकोनाची आज्ञा टाइप केली आणि सवयीने हात माउसकडे नेला. माउस सरांच्या हातात होता.

“काय म्हणतंय?”

उपाध्यांनी चष्मा सारखा केला. “पहिला कोपरा कुठे, असं विचारतंय.”

“मग सांगा त्याला.”

त्यांनी आकडे टाइप केले. ओळ बदलली.

“आता समोरचा कोपरा विचारतंय.”

उपाध्यांनी तेही सांगितलं.

“आता भिंत.”

भिंतीची आज्ञा दिल्याबरोबर उपाध्यांचा हात पुन्हा माउसकडे गेला, रिकाम्या टेबलावर थांबला आणि परत आला. ते खाली वाकून वाचू लागले.

“अंतर किती, विचारतंय…”

खालच्या दुकानात कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा जुळवत होतं.

“हे आधी कधी विचारलं नव्हतं यानं,” उपाध्ये म्हणाले.

सरांनी ओळीकडे बोट दाखवलं.

उपाध्यांनी अंतर सांगितलं. मग ओळीने विचारलं, कोणती रेषा? सरांनी माउस परत दिला आणि कव्हर थोडंसं वर उचललं. उपाध्यांनी रेषेवर क्लिक केलं. कव्हर खाली आलं. ओळीने विचारलं, कोणत्या बाजूला? कव्हर पुन्हा वर गेलं. उपाध्यांनी बाहेरची बाजू दाखवली.

मग सरांनी कव्हर काढून घेतलं.

खोलीभोवती नऊ इंची भिंत उभी होती. चारही कोपरे नेमके जुळलेले. उपाध्यांच्या हातची म्हणून गवंड्याने ओळखावी, अशी.

ते बराच वेळ बघत राहिले. माझ्याही लक्षात आलं की इतके दिवस ते आज्ञा दिली की लगेच रेषेवर क्लिक करत होते. मशीन आधी अंतर विचारत असे. मग ते त्यांच्या क्लिकलाच अंतर समजायला लागे आणि तिथून सगळा घोळ.

“हे रोज विचारत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि मी…”

“हं.”

उपाध्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलं नाही. दिवाळी अजून लांब होती, आणि आता ती आली तरी त्यांना तिची भीती नव्हती. ते उठले आणि सरांच्या पायाशी वाकू लागले. सरांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं.

“माझं काम वाचवलंत, सर. तुमचे आभार कसे मानू?”

टेबलावर फोन वाजला. घरचाच होता. उपाध्यांचं बोट सवयीने बंद करायच्या खुणेवर गेलं.

“माझे नकोत,” अत्तार सर रिकामा कप उचलत म्हणाले. “उत्तर मिळत नसतानाही जे कोणी विचारत राहतं, त्याचे माना.”